तपासणीचं पत्र आणि ड्युटी रजिस्टर

आमच्या टिपर-टँकरची सरकारी सुरक्षा तपासणी आटोपली. आता तयारी कशी केली ते लिहून ठेवते. गोव्यात उसगाव-तिस्कपासून कुडचड्यापर्यंत पाच-दहा गाड्या घेऊन मालवाहतुकीचा धंदा करणारे कितीतरी जण आहेत, आणि तपासणीचं पत्र आलं की बहुतेकांची पहिली धाव एजंटाकडे असते. तो फाइल तयार करून देतो, शिक्के मारतो, पैसे घेतो. आमच्याकडेही तेच ठरत होतं. मी अडून बसले.

मी या धंद्यात वजनकाट्यावरून आले. २०१२ पर्यंत एका खाणीच्या काट्यावर बसायचे. टिपर चढला की नंबर, वजन, वेळ, पावती. त्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. २०१४ मध्ये कोर्टाने बंदी उठवली, थोडी हालचाल झाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या लीजचं नूतनीकरणच रद्द केलं. मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. कर्ज काढून घेतलेले टिपर लोकांच्या अंगणात उभे राहिले. आमच्या शेठांनी काही विकले, काही ठेवले, हळूहळू कुंडई आणि वेर्ण्याच्या कारखान्यांचा माल धरला, मुरगाव बंदरातून ॲसिड नेणारे टँकर घेतले. मी तेव्हापासून त्यांच्या ऑफिसात आहे. पावतीवरची वेळ वाचायची सवय मात्र काट्यावरची.

कागदांचं काम सगळ्यांत सोपं, म्हणून ते आधी उरकलं. पासिंग, म्हणजे फिटनेसचं सर्टिफिकेट, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी. आमच्या खाणीच्या काळातल्या गाड्या सगळ्या दरवर्षीच्या. त्याशिवाय इन्शुरन्स, परमिट आणि त्याचं ऑथोरायझेशन, टॅक्स, पीयूसी, चालकांची लायसन्स. हे सगळं पोर्टलवर दिसतं आणि अधिकाऱ्यालाही तेच दिसतं. झेरॉक्सचे गठ्ठे बांधण्यात वेळ घालवू नका. भिंतीवर एक मोठा तक्ता लावा, गाडीसमोर प्रत्येक कागदाची मुदत लिहा, पुढच्या महिन्यात संपणारी तारीख लाल करा. झालं.

गाड्यांकडे मात्र नीट बघावं लागलं. उभी गाडी खराब होते हे खाणबंदीने गोव्याला चांगलंच शिकवलं आहे. दोन पावसाळे अंगणात काढलेल्या टिपरच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण बाजूला बोट फिरवलं की बारीक भेगा लागतात. हवेचे पाइप कडक झालेले असतात, ब्रेकचे ड्रम गंजलेले असतात. म्हणून फोरमनना म्हटलं, तपासणी आपणच आधी करू, आणि रोज सकाळी यार्डात एकेक गाडी घेतली.

ब्रेकची परीक्षा साधी आहे, कोणीही करावी. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, इंजिन चालू करून हवेचं प्रेशर पूर्ण भरू द्यायचं, मग इंजिन बंद. चालकाने ब्रेक दाबून धरायचा आणि सगळ्यांनी गप्प राहून प्रेशरच्या काट्याकडे बघायचं. एका टिपरचा काटा हळूहळू उतरायला लागला. कान दिला तर मागून बारीक फुसफुस. फोरमन मागच्या ॲक्सलखाली शिरले, साबणाच्या पाण्याचा बोळा जोडांवर फिरवला, आणि डाव्या ब्रेक चेंबरवर बुडबुडे उठले. उघडल्यावर आतला डायाफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटत आलेला. या गाडीचं पासिंग नुकतंच झालं होतं. कागद खरा, मुदतीतला. आणि हीच गाडी त्या आठवड्यात बेळगावहून माल भरून अनमोड घाट उतरणार होती.

मागच्या आडव्या लोखंडी बारबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. मागून छोटी गाडी आदळली तर ती ट्रकखाली घुसू नये म्हणून तो बार असतो. दोन्ही बाजूंचे गार्ड दुचाकीवाला किंवा चालणारा माणूस चाकांत ओढला जाऊ नये म्हणून असतात. टिपर खाली करताना अडतो, लोडरचा धक्का लागून वाकतो, म्हणून कितीतरी जणांनी तो बार गॅस कटरने कापून टाकला आहे. आपल्या रस्त्यांवर जिकडे बघाल तिकडे स्कूटर. ऑफिसला जाणाऱ्या मुली, शाळेत मुलांना सोडणारे बाप. पासिंगपुरता बार जोडायचा आणि नंतर काढायचा, हे मला अजिबात पटत नाही. आमच्या सगळ्या गाड्यांना तो आता पक्का वेल्डिंग करून बसवला आहे. रेडियम पट्ट्याही नव्या लावल्या, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मातीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीची पट्टी एका खेपेत लाल धुळीने झाकते, म्हणून यार्डातून निघताना ती ओल्या फडक्याने पुसणं हे क्लीनरचं काम म्हणून लिहूनच टाकलं.

टँकरची गोष्ट वेगळी. आमच्या टँकरमध्ये फॉस्फरिक ॲसिड असतं, पाटीवर यूएन क्रमांक १८०५, म्हणजे त्या मालाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक. वेग साठच्या पुढे जाऊ नये म्हणून स्पीड गव्हर्नर लागतो. चालकाला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते लायसन्स तीन वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाआधी पुन्हा उजळणीचा वर्ग करावा लागतो. हे सगळं आमच्याकडे होतं. ट्रेम कार्डही, म्हणजे गळती-अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड, केबिनमध्ये होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, अगदी नीट. पण इंग्रजीत. मी एका चालकाला विचारलं, "दादा, झडप गळायला लागली तर पहिलं काय कराल?" तो म्हणाला, "शेठना फोन."

जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला होता. रात्रीच्या वेळी गॅस पसरला आणि झोपलेल्या माणसांना घरांतून उठवून हलवावं लागलं. त्या भागातले लोक अजून ते विसरलेले नाहीत. अशा वेळी पहिली पाच-दहा मिनिटं चालकाच्याच हातात असतात. म्हणून कार्ड मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत करून घेतलं. इंजिन बंद, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, लोकांना लांब ठेवायचं, सांडलेल्याला हात लावायचा नाही, ते पाण्याने नाल्यात लोटायचं नाही, ११२ ला फोन करून पाटीवरचा क्रमांक सांगायचा. शेठना फोन त्यानंतर. नुसतं वाचून घेतलं नाही. प्रत्येकाला टँकरजवळ उभं करून करून दाखवायला लावलं.

आता रजिस्टर. सगळी खटपट इथेच होती.

पत्रात चालकांच्या कामाच्या तासांची नोंद मागितली होती. नियम १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आलेले आहेत. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सगळा पसारा, मधली थांबाथांब धरून, बारा तासांच्या आत. आणि एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आमच्याकडे हजेरीपट होता, त्यात फक्त 'हजर'.

शेठ म्हणाले, "तेवढं तू लिहून काढ. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. सगळीकडे असंच लिहितात."

मी म्हटलं, "शेठ, जरा बसा. एकच खेप बघा."

कोल्हापूरहून आलेल्या एका खेपेच्या पावत्या मी टेबलावर एका रांगेत मांडल्या. माल भरल्याची काटा पावती, संध्याकाळी उशिराची. निपाणीजवळच्या पंपावरची डिझेलची पावती. फास्टॅगच्या हिशेबात हत्तरगी टोल नाक्याची वेळ, मध्यरात्र उलटून गेलेली. मग वेर्ण्याच्या कारखान्याच्या गेटची नोंद, उजाडतानाची, आणि माल उतरवल्याची वेळ दुपारची. यात आठ ते पाच कुठे बसवायचं? फास्टॅगचा हिशेब बँकेकडे आहे, गेटचं बुक कारखान्याकडे आहे. आम्ही काहीही लिहिलं तरी ते कागद तसेच राहणार. उद्या काही घडलं तर पोलिसांना आणि विमा कंपनीला ते काढायला एक दिवस पुरे. जास्त तास चालवलं ही चूक आहे, ती सुधारता येते. खोटं रजिस्टर लिहिलं की मालकाला सगळं ठाऊक होतं असाच त्याचा अर्थ होतो.

पण मला रजिस्टरपेक्षा त्या चालकाची काळजी होती. ते निपाणीकडचे, साठीला टेकलेले, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांना बोलावून विचारलं, "मामा, त्या रात्री झोपलात कधी?"

ते जरा आठवत राहिले. "झोप म्हणजे... गेटबाहेर रांगेत डोळा लागला असंल. पण गाडी पुढं सरकवायला लागती न्हवं. मागचा हॉर्न मारतोय."

"मग वाटेत निजायचं ना, निपाणीला, घरीच."

"थांबलो तर खेप बुडती, ताई. भत्ता खेपंवर हाय."

शेठ ऐकत होते. त्यांनी स्वतः तरुणपणी टिपर चालवलेला आहे, खाणीचा, दिवसाला जितक्या जास्त खेपा तितके जास्त पैसे या हिशेबाने. त्या खेपांच्या शर्यतीत आपल्या गावांत किती माणसं गेली हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "पावत्यांवरून आहे तसंच लिही. दंड झाला तर भरू."

मग मी मागचे महिने पावत्यांवरून जसे होते तसे उतरवले. जिथे पसारा बारा तासांच्या वर गेला तिथे तसाच लिहिला. आणि त्याच पानापासून पुढे व्यवस्था बदलली. घाटावरच्या लांब खेपेला दोन चालक, नाहीतर रात्रीचा मुक्काम. मुक्कामाचा वेगळा भत्ता, म्हणजे झोपल्यामुळे कोणाचे पैसे जाऊ नयेत. पगाराचा ठरलेला भाग वाढवला, खेपेवरचा कमी केला. हे केल्याशिवाय 'थकल्यावर गाडी चालवू नका' ही पाटी लावणं म्हणजे चालकावर ढकलणं आहे. नफा थोडा कमी झाला, हे शेठांच्या परवानगीने लिहिते. सगळ्या चालकांचे डोळेही तपासून घेतले. दोघांना चष्मा लागला. त्यातल्या एकाला रात्री समोरच्या दिव्यांनी काहीच दिसत नसे आणि त्याला वाटत होतं की सगळ्यांचंच तसं असतं.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि सरळ यार्डात गेले. एका टँकरच्या चालकाला पाटीवरच्या आकड्याचा अर्थ विचारला. त्याने सांगितला, आणि वाऱ्याची बाजू कोणती हेही हाताने दाखवलं. मग त्यांनी आपल्या मनाने तीन तारखा निवडल्या आणि त्या दिवसांच्या सगळ्या पावत्या मागितल्या. रजिस्टराशी ताडून बघितल्या. जुळल्या. जुन्या महिन्यांत तासांचं उल्लंघन आहे हे त्यांनी अहवालात लिहिलं, नवी व्यवस्था सुरू आहे हेही लिहिलं. एका प्रथमोपचार पेटीतली औषधं मुदत संपलेली निघाली, एक अग्निशामक सिलिंडर भरून घ्यायला सांगितला. त्यासाठी मुदत दिली, दोन्ही कामं झाली.

एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही. माल भरायला किंवा उतरवायला गेटबाहेर जी रांग लागते, तिचे तास चालकाच्या बारा तासांतच मोजले जातात, पण ती रांग लावतो दुसराच. ज्यांच्याकडे सगळ्यांत जास्त खोळंबा होतो त्यांना मी पत्र लिहिलं आहे की गाड्यांना वेळ ठरवून द्या आणि चालकांना निजायला छप्पर आणि संडास असलेली जागा द्या. तोंडी उत्तर आलं, "बघू." आता दर आठवड्याला पत्र जातं, सोबत त्या आठवड्यात कोणता चालक गेटबाहेर किती तास बसला त्याची यादी. खाली सही शेठांची असते, आणि परवापासून मामांनीही करायला सुरुवात केली आहे.