कोंबडीच्या स्लाईड्स

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज लॅबमधलं जुनं कपाट रिकामं करायला घेतलं. माझी विद्यार्थिनी एक लाकडी पेटी घेऊन आली नि म्हणाली, मॅडम ह्या कोंबडीच्या स्लाईड्स टाकून देऊ ना, लेबलंपण पुसलीयत. म्हटलं थांब. मग तिथेच स्टुलावर बसून तासभर त्याच बघत बसले, डबा तसाच राहिला.

कोंबडीचं अंडाशय एकदा पाहिलं की डोळ्यासमोरून जात नाही. डावीकडे एकच, उजवीकडचं वाढतच नाही, आणि त्याला पिवळ्याधमक बलकांचा घोस लटकलेला, सगळ्यात मोठा उद्या सुटणार, त्याहून लहान परवा, मग तेरवा, असे पाच-सहा नंबर लावून बसलेले. आपलं महिन्याला एक बीज, तिचं जवळजवळ रोज. आणि दोन-तीन वर्षं अशी अंडी घातलेल्या कोंबड्यांना अंडाशयाचा कॅन्सर आपसूक होतो, म्हणून मी अभ्यासाला कोंबडी धरली. फतल्ला नावाच्या इजिप्तच्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की बीज सुटताना दरवेळी अंडाशयाचं वरचं आवरण फाटतं, परत सांधतं, नि ह्या फाटण्या-सांधण्यात पेशी कधीतरी बिघडत असणार. जास्त बाळंतपणं, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या ह्यांत बीज सुटणं थांबतं आणि ह्यांनी धोका कमी होतो, तेही त्यात बरोबर बसायचं. मी पीएचडीची सगळी वर्षं त्या एका पेशीच्या थरावर घातली. पोल्ट्रीवरून आले की आई आधी न्हाणीघरात पाठवायची, आणि रात्री थिसिसची पानं तीच नंबराप्रमाणे लावून द्यायची.

आणि मग कळलं की सगळ्यात जास्त आढळणारा नि सगळ्यात घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. २००१ मध्ये डच संशोधकांनी घरात कॅन्सरचा इतिहास असलेल्या बायकांच्या, धोका नको म्हणून आधीच काढून टाकलेल्या ट्यूब्ज, म्हणजे अंडाशयाशेजारच्या बीजवाहिन्या, नीट तपासल्या आणि बिघाड तिथे दिसला, पुढे इतरांनाही तेच दिसलं. खरं सांगते, मी बरीच वर्षं मानलंच नाही, इतकी माझी माया त्या थरावर. शेवटी एका ऑपरेशननंतर आलेली ट्यूब स्वतः पाण्यात सोडून बघितली. टोकाची झालर पाण्यात फुलासारखी उघडली, बोटांसारखी टोकं, अंडाशयावरून फिरत बीज उचलायला बनलेली. दर महिन्याला बीजासोबत जो द्रव बाहेर पडतो त्यात हीच झालर भिजते. म्हणजे फतल्लांची गोष्ट अर्धी खरी असू शकते, जागा तेवढी शेजारची. त्या दिवसापासून माझं काम ट्यूबवर.

लोकांना वाटतं रक्त तपासलं की कळतं. सीए-१२५ हा मार्कर, म्हणजे ह्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन, १९८१ पासून आहे, पण तो पाळीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्यात) वाढतो, आपल्याकडे पोटाच्या टीबीतही वाढतो. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांवर वर्षानुवर्षं तपासणी करून पाहिली, २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. तो पेपर वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. लवकर सापडला तर बरी होणारी बाई उशिरा सापडते म्हणून हातची जाते, आणि आमच्याकडे लवकर शोधायचं साधन अजून नाहीये.

हे सगळं डोक्यात घेऊन संध्याकाळी दांडिया बाजारात काकूंकडे गेले. बासष्ट वर्षांच्या, कधी डॉक्टरचं तोंड न पाहिलेल्या. परकर सैल बांधलेला, ओव्याची डबी उशाशी. म्हणाल्या गॅस आहे ग, वय झालं. विचारलं किती दिवस? तर दिवाळीपासून. दोन घासांत पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि हात-पाय वाळलेत पण पोट वाढतंय. मी हसत काहीबाही बोलत राहिले नि आतून नुसती हलले. बहुधा साधंच काहीतरी निघेल, निघावं. पण एवढे आठवडे रोज होणारा त्रास ओव्यावर सोडायचा नसतो.

जिन्यातच मैत्रिणीला फोन लावला, ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सोमवारी सकाळी दहाला सोनोग्राफी. मी रजा टाकलीय. परत वर जाऊन सांगितलं तर काकू काही म्हणाल्या नाहीत, थोडा वेळ डबी हातात फिरवत बसल्या, मग विचारलं, उपाशीपोटी यायचं का ग?

हो म्हटलं. पाणी मात्र प्या.