फोर्टची पायी फेरी: सकाळी काळा घोडा, उतरत्या उन्हात ओव्हल

मुंबईच्या फोर्टमध्ये, जुन्या इमारतींच्या भागात, चालायला निघणारे बहुतेक लोक सीएसएमटीला उतरतात आणि तिथूनच सुरुवात करतात. इथेच पहिली चूक होते. सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला आहे. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरही पश्चिमेकडे, ओव्हल मैदानाकडे पाहतात. सकाळी नऊ वाजता या इमारतींच्या दर्शनी बाजू सावलीत असतात, ऊन मागून येतं आणि कोरीवकाम काळ्या ठिपक्यांसारखं दिसतं. उलट काळा घोड्याजवळची एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि एस्प्लनेड मॅन्शन ही रांग पूर्वेला तोंड करून आहे. म्हणून ही फेरी दोन तुकड्यांत करावी. सकाळी काळा घोडा ते हॉर्निमन सर्कल, दुपारी महापालिका आणि सीएसएमटी, आणि शेवटी ओव्हल. चालणं एकूण चार किलोमीटरच्या आतबाहेर होतं, पण उभं राहणं फार. पाय चालून दुखत नाहीत, फुटपाथवर उभं राहून दुखतात.

जानेवारीतला रविवार सगळ्यात बरा. कचेऱ्या बंद, फुटपाथ मोकळे, गाड्या कमी. दोन गोष्टी मात्र आधी पाहून घ्याव्यात. एक, रेल्वेचा मेगाब्लॉक. हार्बरवाल्यांची रविवारी सीएसएमटीपर्यंतची गाडी हमखास रखडते, आणि ब्लॉक साधारण अकरानंतर सुरू होत असल्यामुळे येताना काही कळत नाही, जाताना कळतं. दुसरी गोष्ट, फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव. महोत्सव पाहायला जरूर जावं, पण त्या नऊ दिवसांत इमारती पाहायचा बेत करू नये. माणसांच्या डोक्यांवरून कमानींचे वरचे टोकच तेवढे दिसतात. मेट्रो ३ वर हुतात्मा चौक, चर्चगेट आणि सीएसएमटी अशी तिन्ही स्थानकं याच भागात असल्यामुळे उपनगरातून येणाऱ्यांची बरीच सोय झाली आहे.

सुरुवात आठ-सव्वाआठला काळा घोड्यापाशी. इथला मूळ घोडा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा, १९६५ साली राणीच्या बागेत हलवला गेला. आज दिसतो तो २०१७ साली बसवलेला, पाठीवर कोणी नसलेला घोडा. गटाला एक गोष्ट इथेच सांगून टाकावी: आपण किल्ल्याच्या तटाच्या जागेवर उभे आहोत. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात १८६२ पासून तट पाडायला घेतला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेल्या तेजीतला पैसा शहरात खेळत होता, आणि तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत या इमारती उभ्या राहिल्या. रॅम्पार्ट रो हे नाव तटाचंच, आणि चर्चगेट हे स्टेशनाच्या आधी तटाच्या दरवाजाचं नाव. हे कळलं की पुढची सगळी रांग आपोआप उलगडते.

डेव्हिड ससून लायब्ररी १८७० ची. मालाडच्या पिवळसर दगडाची, समोर टोकदार कमानी. संस्था इमारतीहून जुनी, १८४७ ची. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीत वरचा गळका काँक्रीटचा स्लॅब काढून मूळच्यासारखं उतरतं छप्पर परत घातलं; २०२३ साली हे काम पुरं झालं. रस्त्यावरून छप्पर नीट दिसत नाही, त्यासाठी समोरच्या जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूला जावं. आत वाचनालय चालू असतं, म्हणून गटाने धाडकन शिरू नये. दोघांनी पुढे होऊन विचारावं, मग चार-चारच्या तुकड्यांनी आत जाऊन यावं.

दुरुस्त केलेल्या इमारती पाहायच्या असतील तर कमानींआधी सांधे पाहायला शिका. या भिंतीचे चिरे मूळ चुन्याच्या गाऱ्यात बसवलेले आहेत: चुना, वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, आणि चिकटपणासाठी गुळाचं पाणी, बेलफळ, मेथी असं जे गवंड्याच्या हाताला ठाऊक असेल ते. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. पावसात भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं, जाताना क्षार सांध्यातच सोडतं, आणि झिजतो तो सांधा. गेल्या शतकात ठिकठिकाणी सांध्यांत सिमेंट भरलं गेलं. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण आणि घट्ट. पाण्याची वाट बंद झाली की ते दगडातून बाहेर पडू लागतं, क्षार दगडाच्या पृष्ठाखाली साचतात आणि चिऱ्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून करडा, फुगीर, दगडाच्या पुढे आलेला सांधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाल्लेली कड असं दिसलं की समजावं, इथे सिमेंट आहे. पांढुरका, किंचित आत गेलेला सांधा आणि शाबूत कडा दिसल्या तर सांधे चुन्याने नव्याने भरले आहेत. फक्त पाहा. नखाने खरवडून पाहणारा एक तरी हौशी प्रत्येक गटात निघतो, त्याला आवरायचं काम वाटाड्याचं.

दुसरी खूण चिरलेल्या दगडाची. कोपऱ्याचा चिरा आतून फुटल्यासारखा दिसला आणि भेगेतून तपकिरी ओघळ आला असेल, तर आत लोखंडी पट्टी आहे. गंज चढला की लोखंड फुगतं आणि दगड फोडतं. चांगल्या दुरुस्तीत ती पट्टी काढून तिथे स्टेनलेस स्टीलची घालतात आणि दगडाचा तेवढाच तुकडा नवा बसवतात. नवा तुकडा थोडा फिकट असतो, त्याच्या कडा धारदार असतात. काहींना तो ठिगळासारखा खटकतो. माझ्या मते तो तसा दिसणंच प्रामाणिकपणाचं आहे. रंग मारून लपवलेली दुरुस्ती दहा पावसाळ्यांत उघडी पडतेच.

त्याच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ढासळायला लागलेल्या अवस्थेमुळे गाजलेलं. सांगाडा ओतीव लोखंडाचा, इंग्लंडात तयार करून बोटीने आणलेला आणि १८६० च्या दशकात इथे उभा केलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा इथे दाखवल्या गेल्या. ही इमारत लांबूनच पाहायची. खाली उभं राहून वर बघत बसू नये, आणि आत जायचा प्रश्नच नाही.

इथून मागे वळून पाच मिनिटांवर केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं. जुन्या फोटोंत ते आकाशी निळं दिसतं. दुरुस्तीनंतर ते मलईसारखं पांढरं झालं असून निळा रंग नक्षीपुरता राहिला आहे. निळ्याची आठवण घेऊन आलेले लोक समोरून दोनदा जातात आणि इमारत शोधत राहतात. आत पाहायची गोष्ट म्हणजे रंगीत काचा आणि दोन मजली सभागृहाचे खांब. बंदोबस्त कडक असतो. सरकारी फोटो ओळखपत्राची मूळ प्रत लागते आणि मोबाइलमधला फोटो दाखवून काम होईलच असं नाही. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, तेव्हा पर्यटकांनी जाऊच नये. दार उशिरा उघडतं म्हणून आधी फ्लोरा फाउंटन करून इथे परत येणंही चालतं, पण दहा जणांना एकदा पुढे नेलं की मागे आणणं अवघड.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पोर्टलंड दगडाचं, म्हणजे इंग्लंडातल्या चुनखडीचं. आराखडा नॉर्मन शॉचा आणि शिल्पं जेम्स फोर्सिथची. त्याच्या अंगावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवले होते. चुनखडीच्या दगडावर असा रंग मारला की ओल आतच अडकते, आणि कारंज्यात तर ओल कायमचीच. रंग उतरवून, गळक्या नळ्या बदलून, हौदाला पाणीरोधक थर देऊन ते २०१९ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झालं. कामाच्या वेळी रस्त्याखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. बरेच इंग्रजी वाटाडे कारंज्यावर दहा मिनिटं बोलतात आणि स्मारकाला दोन वाक्यांत आटपतात. मराठी गटाने आधीच सांगून ठेवावं, म्हणजे चौकाचं नाव हुतात्मा चौक का, हे तरी नीट सांगितलं जाईल.

पुढे वीर नरिमन रस्त्याने सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ साली प्रार्थनेसाठी खुलं झालेलं. शहरातल्या जुन्या मैलाच्या दगडांवरचं अंतर इथून मोजलेलं आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा आत फिरणं आणि फोटो दोन्ही नको. प्रार्थना संपेपर्यंत समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसावं, तिथे सावली आहे. सर्कलच्या कमानदार व्हरांड्याची वळणारी रांग एकसारखी आहे, कारण ती एकाच आराखड्यातून बांधली गेली. एका टोकाला एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल, १८३३ चा, समोर तीस पायऱ्या. इथे कॅमेरा सांभाळून वापरा. टांकसाळ आणि रिझर्व्ह बँक शेजारीच आहेत, त्यांच्या दिशेने कॅमेरा वळला की शिट्टी वाजते. तिवई तर घरीच ठेवा.

अकरा-साडेअकराच्या सुमारास भूक लागते. रविवारी फोर्टातली बरीच इराणी हॉटेलं बंद असतात, त्यामुळे ब्रून मस्क्याचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांची निराशा होते. पेरीन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला, किंवा सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. स्वच्छतागृहासाठी मोठं रेल्वे स्थानक किंवा वस्तुसंग्रहालय हाच भरवशाचा मार्ग, आणि बायका बरोबर असतील तर वाटाड्याने ती थांबण्याची जागा वेळापत्रकात आधीच धरावी. बहुतेक जण धरत नाहीत.

जाताना मिंट रोडवर रतनशी मूळजी जेठा फाउंटन पाहावं. पाच मिनिटांचं काम. वर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे. एका व्यापाऱ्याने आपल्या गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधलेलं. दिसतं लहान, पण नीट दुरुस्त केलेलं.

महापालिकेच्या मुख्य इमारतीची आतली फेरी शनिवार-रविवारी असते. २०२१ साली ती सुरू झाली तेव्हापासून आगाऊ नोंदणी आणि ओळखपत्र लागतं. नोंदणी नसताना दारात जाऊन हुज्जत घालण्यात अर्थ नाही. इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची, १८९३ साली पुरी झालेली, आणि मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात. हे वाटाडे सांगतात तेव्हा आजच्या ठेकेदारांची आठवण काढून हशा होतोच. आत सभागृहाचं सागवानी छत पाहायचं. २००० सालच्या आगीनंतर ते पुन्हा केलेलं आहे. वाटाड्याला नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे विचारा. सांगता आलं तर वाटाडा चांगला.

समोरचं सीएसएमटीही स्टीव्हन्सचंच, १८८८ साली पुरं झालेलं, २००४ पासून जागतिक वारसा. साडेतीननंतर त्याच्यावर ऊन येतं. महापालिकेच्या बाजूला फोटोसाठी चौथरा बांधला आहे, तिथून सगळी इमारत एका चौकटीत येते. फाटकावरचा सिंह आणि वाघ, घुमटावरची प्रगतीची मूर्ती, खांबांवरची माकडं-मोर-सरडे हे सगळं उघड्या डोळ्यांनी अर्धवटच दिसतं. आठ पटींची साधी दुर्बीण गटात एक असली तरी पुरे. रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढू नका, सिग्नल लहान आहे; भुयारी मार्ग वापरा.

सीएसएमटीवरून मेट्रोने दोन स्थानकं, चर्चगेट. पाचपर्यंत ओव्हलवर पोचायला हवं. जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, आणि त्याआधीचा पाऊण तास हा या दिवसाचा खरा भाग. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, जुनं सचिवालय ही टोकदार कमानींची गॉथिक रांग. पश्चिमेला १९३० च्या दशकातली, गोलाई आणि भौमितिक नक्षीची आर्ट डेको घरं. २०१८ साली दोन्ही मिळून जागतिक वारसा यादीत गेली, एकूण ९४ इमारती. राजाबाई टॉवर २८० फूट उंच, १८७८ चा. व्यापारी प्रेमचंद रायचंदने आईच्या नावासाठी पैसे दिले. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, पण तो मुंबईला कधी आलाच नाही. वरच्या भागात पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या मूर्ती आहेत; त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. दुर्बीण इथे परत काढायची: पगड्या वेगवेगळ्या ओळखू येतात. टॉवरच्या जिन्यावर सर्वसामान्यांना प्रवेश नाही, तेव्हा वर जायची आशा धरू नका. हायकोर्टाची मार्गदर्शकासह फेरी सुट्टीच्या दिवशी असते, तिचीही नोंदणी आधी. आत फोटो नाहीत. तराजू धरलेलं एका डोळ्याचं माकड दाखवा म्हणावं. ठेकेदाराने रागापोटी ते कोरलं अशी जी गोष्ट सांगतात ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

गटाबाबत एवढंच: पंधराच्या वर माणसं नकोत. त्यापुढे आवाज पोचत नाही आणि फुटपाथ अडतो. तळ सपाट, रबरी असलेले बूट घाला. काळ्या दगडाच्या कडा पावसाळ्यात शेवाळ धरतात. जून ते सप्टेंबर इमारती परांच्यांनी आणि ताडपत्र्यांनी झाकलेल्या असू शकतात, त्या महिन्यांत येण्याआधी कोणती झाकली आहे ते विचारून घ्या. प्रत्येकी एक लिटर पाणी, टोपी, ओळखपत्राची मूळ प्रत. मैदानाच्या उत्तर टोकाला इरॉसची लाल-पिवळसर इमारत दिव्यांनी उजळली की तिच्या समोरच चर्चगेट. सातच्या आधी गाडी धरली तर बसायला जागा मिळते.