गोळी सुटली आणि तेलाचा डबा पुरायला लागला

वजन कमी करायची गोळी बंद करून सहा महिने झाले आणि वजन अजून उतरतंय असं सांगितलं की समोरची लगेच डोळे बारीक करून विचारते, मग आता दुसरं काय घेतेस? काही नाही घेत गं बाई.

मागच्या दिवाळीनंतर काट्यावर 84 आलं, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, मग डॉक्टरांनी थायरॉइड शुगर सगळं बघून ऑरलिस्टॅट लिहून दिलं, 120 मिलिग्रॅमची कॅप्सूल, तिन्ही जेवणांबरोबर. मला वाटलेलं भूक मरेल. कसली मरतेय! ही गोळी भुकेच्या वाटेला जातच नाही, आतड्यात तेलतूप पचवणारं जे लायपेज असतं त्याला अडवते आणि जेवणातलं साधारण 30 टक्के फॅट न पचता बाहेर. (भूक मारणारी ती सिब्युट्रामिन 2011 लाच आपल्याकडे बंद झालीय, हृदयाला त्रास म्हणून, आणि बरंच झालं.)

बाहेर म्हणजे कसं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. नणंदेकडे वास्तुशांत, पुऱ्या गरम गरम येतायत, वर दोन जिलब्या, कोण नाही म्हणणार, आणि दुसऱ्या दिवशी मी पतसंस्थेत काउंटरवर, समोर पासबुकं घेऊन लाइन, आणि मला एक सेकंदही थांबता येईना. जास्त सांगत नाही, मिसळीवर कट कसा तरंगतो तेवढं आठवा. त्या दिवसापासून तेल दिसलं की पोटात गोळाच यायचा. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले फॅट कमी खा म्हणजे त्रास कमी, आणि झोपताना मल्टिव्हिटॅमिन घ्या कारण ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्सपण फॅटबरोबरच निघून जातात.

पाच महिन्यांत 78 झालं आणि तिथंच अडलं, आणि महिन्याचं बिल बघून हे काही बोलत नव्हते पण बिल दोनदा वाचायचे. डॉक्टरांना विचारून बंद केली. पहिल्या महिन्यात सव्वा किलो वाढलं, मी रडले, खोटं कशाला सांगू. सुटल्यासारखं झालेलं ना, इथं साताऱ्यात राजवाड्यावर चौपाटीला तीनदा जाऊन आले आणि पेढ्याचा बॉक्स तर पाहुण्यांसाठी आणलेला, पाहुणे आलेच नाहीत.

मग एकदा स्वयंपाकघरात उभी राहून हिशोब केला. आम्ही चौघं, पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपायचा. म्हणजे माणशी रोज जवळजवळ 60 मिली, ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर पाचशेच्या आसपास नुसत्या तेलाच्या! आणि मी चहातली साखर मोजत बसलेले. तेलाची बरणी बाजूला ठेवली, चमचा आणला, फोडणी मोजून. आईंना (सासूबाई) ते अजिबात पटलं नाही, "वांगं काय पाण्यात पोहायला सोडलंय का" म्हणाल्या. पण ज्वारीची भाकरी, पातळ आमटी आणि खरडा असला की त्यापण गप जेवतात, शेंगदाण्याची चटणी मात्र मी स्वतःच मोजून घेते, तिथं माझा माझ्यावर विश्वास नाही.

सकाळी अजिंक्यतारा किल्ल्यावर जाते. आधी वाटेतल्या चार भिंती स्मारकापर्यंतच, तिथं बसून परत, महिन्याभरानं किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आणि आता वर मंगळाई देवीचं दर्शन घेऊन साडेसातला घरी. पावसाळ्यात धुक्यात खालचं सातारा दिसतच नाही, नुसते हॉर्न ऐकू येतात, मला ते फार आवडतं. नुसत्या चालण्यानं उतरलं असतं असं मला वाटत नाही, कारण चालून आल्यावर जी भूक लागते ना, ती दोन भाकऱ्यांनी पण ऐकत नाही.

आज 78 च्या खाली. गोळी चालू असताना महिन्याला किलोच्या वर जायचं, आता कधी अर्धा, कधी काहीच नाही, दसऱ्याच्या महिन्यात तर उलटं वाढलं. वजन जसं कमी होतं तसं शरीराला लागतं पण कमी, त्यामुळे पुढचा किलो आणखी हट्टी असतो. गोळीनं तेलाची भीती घातली, ती मात्र गेली नाही, आणि वास्तुशांतीच्या पुऱ्या अजून डोळ्यासमोर येतात, दोन्ही अर्थांनी.

कोपऱ्यावरचे किराणावाले काका परवा जरा फुगूनच बसलेले. म्हणाले, "ताई, काही चुकलं का आमचं? तेल आता दुसरीकडनं नेताय होय?" डबा दीड महिना पुरतो म्हणून सांगितलं तर त्यांना काही खरं वाटेना. शेवटी गरज नसताना दोन किलो शेंगदाणे घेऊन आले.