धुक्यातले पॉइंट

ग्रुपवर अकरा जणांनी ‘नक्की’ म्हटलं होतं. नेरळच्या फलाटावर उतरलो पाच. कॉलेज सुटून वीसेक वर्षं झाल्यावर ऑगस्टातल्या रविवारी पहाटेची लोकल पकडायला पाच माणसं उठली, हे प्रमाण चांगलंच म्हणायचं. त्यात मैत्रीचा वाटा किती आणि लवकर जाग येण्याच्या वयाचा किती, ते सोडा.

माथेरानला याआधी आलो होतो तो शाळेत असताना, मिनी ट्रेनने. दोन फुटी रुळांवरची ही गाडी १९०७ पासून नेरळहून वर चढते, पण पावसाळ्यात खालून बंद असते. मग शेअर टॅक्सीत एकमेकांच्या मांड्यांवर सॅका ठेवून दस्तुरी नाका गाठला. मोटारींना तिथून पुढे मज्जाव. माणशी कर भरायचा, पावती खिशात घालायची. जवळच्या अमन लॉजहून वरपर्यंत शटल असते, घोडे असतात, आता ई-रिक्षाही आल्यात. पण आमच्यातल्या बँकवाल्याने जाहीर केलं, “चालायला आलोय ना? मग चाला!” आणि पहिल्या दहा मिनिटांत कठड्यावर टेकलाही तोच.

एका दिवसाच्या सहलीचं एक असतं, मुक्काम नसल्यामुळे सगळं ‘उरकायचं’ असतं. बँकवाल्याने फोनवर यादीच करून आणली होती. शार्लोट लेक, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट, लुईझा, परतीला जमलं तर आणखी एक. यादीप्रमाणे आम्ही इमानेइतबारे हिंडलो. शार्लोट लेकला पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. लॉर्ड पॉइंटला पांढरं. एको पॉइंटला पांढरं, तिथे एकाने बायकोच्या नावाने हाक मारली, तर उत्तर धुक्यातून अनोळखी माणसाचं आलं, “इकडे नाहीत हो!” लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. आम्हाला समोरचं रेलिंग दिसलं, तेही ओझरतं. पाट्या तेवढ्या वेगवेगळ्या, फोटो सगळीकडचा तोच.

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून आला आणि साहेबांना माथेरान ‘सापडलं’. (पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांचं ते कधी हरवलं नव्हतं, पण तसं कोणी लिहून ठेवत नाही.) तो आला मे महिन्यात. ऑगस्टात आला असता तर काहीही न सापडता परत गेला असता.

आता दिसत काहीच नाही म्हटल्यावर माणूस खाली बघून चालतो. तसंही माथेरानच्या पावसाळी वाटेवर खालीच बघावं लागतं. जांभ्याची लाल माती, तिचा झालेला गुळगुळीत चिखल आणि त्यात घोड्यांच्या नालांचे ठसे. एकेका ठशात चहाच्या रंगाचं पाणी साठलेलं, नालेच्याच आकाराचं. त्यात पाय पडला की बूट ‘पच्’ करून आत जातो आणि बाहेर निघताना मोजा ओढून घेतो. शिवाय घोड्यांनी वाटेत जे काही सोडलेलं असतं, तेही चुकवायचं.

आणि अशी मान खाली घालून चालताना माणसं बोलतात. हॉटेलात टेबलाभोवती बसलो की आमचे विषय ठरलेले: मुलांचे क्लास, गुडघे, कोण कुठे फ्लॅट घेतोय. वाट अरुंद असली की पाचांचे दोन-दोन होतात, एक जण मागे रेंगाळतो. शेजारच्याचं तोंड दिसत नाही, फक्त बूट दिसतात. अशाच एका चढावर आमच्यातला सगळ्यात बडबड्या गडी एकदम म्हणाला, “बाबा हल्ली मला काका म्हणतात.”

मला आधी विनोदच वाटला. तो पुढे म्हणाला, “पहिल्यांदा मी सुधारलं त्यांना. मग विचार केला, काका तर काका. परवा मला विचारत होते, तुमचा मुलगा काय करतो?”

“मग? काय सांगितलंस?”

तेवढ्यात मागून “साइड, साइड!” आलं. घोडा, घोड्यावर छत्री उघडून बसलेल्या बाई आणि लगाम धरून पळणारा घोडेवाला. आम्ही दोघं दोन बाजूंना झाडांत शिरलो. घोडा गेला, चिखलाचे शिंतोडे पुसून वाटेवर आलो तेव्हा जोड्या बदललेल्या होत्या. तो पुढे वकीलबाईबरोबर चालत होता आणि माझ्या वाट्याला बँकवाला आला होता, कर्जाच्या व्याजदरांसकट.

दिवसभर हे असंच चाललं. घोडा आला की गोष्ट तुटायची. त्यामुळे बँकवाल्याला नोकरी का सोडायची आहे ते मला कळलं, कधी सोडणार ते दुसऱ्याला.

परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली. चिक्कीचं पाकीट फिरलं आणि वांगणी येईतो निम्मे झोपले. पायांपाशी पाच जोड बूट, सगळे एकाच रंगाचे. कुणाचे कुठले ते मापावरूनच ओळखायचं. बडबड्या खिडकीला डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपला होता. तुमचा मुलगा काय करतो, यावर याने काय उत्तर दिलं असेल, ते माझ्या डोक्यातून जाईना. उठवून विचारण्यासारखं ते नव्हतं. वकीलबाईला नक्की माहीत असणार म्हणून वळलो, तर तिची जागा रिकामी. ती कल्याणला उतरून गेली होती.