दुपारी बारानंतरचे शाफ्ट

मे महिन्यातील एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यातून फोन आला आणि तेथील सुपरवायझरांनी कोणतीही प्रस्तावना न करता सांगितले, "सर, तुमचे पोट्टे आजच्या आज परत घेऊन जा." आमच्या महाविद्यालयात कम्युनिटी कॉलेज योजनेखाली चालणाऱ्या एक वर्षाच्या पदविकेचे सहा विद्यार्थी तेथे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी गेले होते आणि मी त्या अभ्यासक्रमाचा समन्वयक होतो. २६ शाफ्टच्या, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या पोलादी दांड्यांच्या, एका लॉटपैकी ११ शाफ्ट तपासणीत नापास झाले होते, ते मोजण्याचे काम आमच्या विद्यार्थ्यांकडे होते, आणि त्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्न सुपरवायझरांच्या मते उरलेलाच नव्हता.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झालेला होता. मेट्रोने लोकमान्य नगरला उतरून शेअर ऑटोत बसलो तेव्हा पावणेअकराही झाले नव्हते, तरी रुमाल तोंडाला गुंडाळल्याशिवाय बसवत नव्हते. वाटेत मी विद्यार्थ्यांच्या वतीने करायच्या दिलगिरीची वाक्ये मनाशी जुळवत होतो, हे आता सांगायला हरकत नाही. मुलांकडून मोजण्यात चूक झाली असणार, असे मीसुद्धा गृहीत धरले होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ही योजना आणली, ती परिसरातील उद्योगांना लागणारे कुशल मनुष्यबळ परिसरातील महाविद्यालयांतच घडावे या हेतूने. पदविकेचे ६० श्रेयांक असतात, त्यांतील ४० टक्के सामान्य शिक्षणाचे आणि ६० टक्के कौशल्याचे. नागपूरसाठी ही कल्पना अगदी चपखल आहे, कारण हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वरचे कारखाने, कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे, शिवाय कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी या सर्वांना मिळून गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पुलींचे दुरुस्तीकाम बारमाही लागते. प्रत्यक्षात मात्र सामंजस्य करारावर सह्या होतात, पुष्पगुच्छ देताना छायाचित्र निघते, आणि अभ्यासक्रम पुण्याला असतो तोच येथेही शिकवला जातो. कारखान्यांच्या दृष्टीने आमचे विद्यार्थी म्हणजे बहुतेकदा फुकटचे हात असतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्या अप्रेंटिसला निदान विद्यावेतन द्यावे लागते. आमच्या मुलांचे तसे नसल्यामुळे त्यांना घेताना कोणी फारसा विचार करत नाही आणि परत पाठवतानाही करत नाही.

कारखान्यात पोहोचलो तेव्हा सहाही जण तपासणी कक्षाच्या बाहेर ओळीने उभे होते. आत वातानुकूलित खोलीत ग्रॅनाइटच्या टेबलावर ते ११ शाफ्ट मांडून ठेवलेले होते. गिअरबॉक्सचे शाफ्ट होते. कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) बसण्याच्या जागी ड्रॉइंगवर ८० मिलिमीटर व्यास होता आणि तो ८०.००० पासून ७९.९८१ पर्यंत चालणार होता, म्हणजे सूट फक्त १९ मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे सर्व शाफ्ट ७९.९७० ते ७९.९७५ च्या दरम्यान भरत होते. जास्त भरले असते तर घासून माप कमी करणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ग्राइंडरवर, पुन्हा चढवता आले असते. कमी भरलेल्या शाफ्टवर हार्ड क्रोमचा थर चढवून पुन्हा घासण्यावाचून मार्ग नसतो, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा यावरून वरच्या मजल्यावर आधीच वातावरण तापलेले होते.

"मायक्रोमीटरचे शून्य न पाहताच मोजत बसले असतील," सुपरवायझर म्हणाले. मायक्रोमीटर म्हणजे व्यास मोजण्याचे बारीक उपकरण.

"पाहिले होते, सर." हे उत्तर कळमेश्वरहून रोज बसने येणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीचे होते. ७५ ते १०० मिलिमीटरचा मायक्रोमीटर ज्या पेटीत असतो त्याच पेटीत शून्य तपासण्यासाठी ७५ मिलिमीटरचा एक दांडा असतो; तो लावून प्रत्येक दहा जॉबनंतर (जॉब म्हणजे यंत्रावर घडवला जाणारा तुकडा, येथे शाफ्ट) तिने शून्य पाहिले होते आणि तशी नोंदही केली होती. तिने वही पुढे केली. आमच्या नोंदवहीत 'वेळ' असा एक रकाना आहे. बहुतेक विद्यार्थी तो संध्याकाळी एका दमात भरून टाकतात आणि मीही तो कधी गंभीरपणे तपासलेला नाही. तिने मात्र प्रत्येक शाफ्टपुढे खरी वेळ लिहिली होती, आणि नापास झालेल्या ११ शाफ्टच्या क्रमांकांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या अकराही खुणा दुपारी बारानंतरच्या नोंदींवर होत्या. सकाळच्या पाळीत सातपासून मोजलेला एकही शाफ्ट त्यांत नव्हता.

"सर, आपण वर्गात २० अंश शिकलो होतो ना," ती मला हळूच म्हणाली, "ते हेच असेल का?"

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यात आनंदापेक्षा ओशाळलेपणच अधिक होते. लांबीच्या मापांसाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस धरावे, असे आंतरराष्ट्रीय वजन-मापे समितीने १९३१ साली ठरवले आणि औद्योगिक मोजमापाचा तो आजही पाया आहे. हे मी दर वर्षी शिकवतो. कसे शिकवतो, तर 'प्रमाण तापमान किती?' असा एका गुणाचा प्रश्न म्हणून. आमच्या कार्यशाळेतील मोजमापाची प्रात्यक्षिके जानेवारीत उरकतात. तेव्हा जॉब, मायक्रोमीटर आणि मोजणारा हे तिघेही सारखेच गार असतात. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो त्या गावात २० अंशांचा अर्थ काय होतो, हे दाखवण्याचे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांनी तिची वही दोनदा वर-खाली पाहिली आणि थेट शेडमध्ये जायला निघाले. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. ग्राइंडरच्या टाकीतील कूलंट फिरून फिरून इतके कोमट झाले होते की त्याला शीतक म्हणणे धाडसाचे होते. मोजण्याचे टेबल मात्र मोठ्या कूलरच्या थेट झोतात होते, कारण मोजणाऱ्याला घाम आला की हात घसरतो. आणि मायक्रोमीटरची पेटी त्याच झोतात दिवसभर गार होत पडलेली होती. म्हणजे शाफ्ट यंत्रावरून तापलेला उतरत होता आणि मायक्रोमीटर कूलरच्या हवेत थंड बसला होता. शून्य तपासण्याचा दांडाही त्याच पेटीत आणि तितकाच गार असल्यामुळे शून्य दर वेळी अचूक येत होते, आणि चूक कोठेच दिसत नव्हती.

ग्राइंडर चालवणारे काका पन्नाशी उलटलेले होते. खिशात कांदा आणि डोक्याला ओला दुपट्टा. त्यांनी आमचे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली, साहेब. सकाळी जॉब आरामात हातात धरता येते. दुपारी हात लावू देत नाही."

हे त्यांना ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

नुकताच उतरलेला एक शाफ्ट आम्ही तपासणी कक्षात आणला. देखभाल विभागातील एक मुलगा तापमान मोजण्याची बंदूक घेऊन आला आणि नेम धरण्यापूर्वी त्याने शाफ्टवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, कारण चकचकीत धातूवर ही बंदूक खोटे बोलते. असले बारकावे कोणत्या विषयाच्या कोणत्या घटकात येतात, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. टेपवर तापमान ४५ अंश आले. खोली २५ अंशांवर होती आणि तेथील मायक्रोमीटरही तेवढाच. पहिले वाचन आले ७९.९९०, म्हणजे सहीसलामत पास. तिने वेळ लिहिली. अर्ध्या तासाने ७९.९८३. मध्यंतरी चहा आला आणि तो पिताना कोणीच फारसे बोलले नाही. दोन तासांनी, शाफ्ट खोलीइतका गार झाल्यावर, वाचन आले ७९.९७२.

पोलाद दर मीटरला दर अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन प्रसरण पावते. त्या हिशेबाने ८० मिलिमीटरला २० अंशांच्या फरकाने १८ मायक्रॉन येतात. तिने हा गुणाकार मायक्रोमीटरच्या पेटीवर वही ठेवून केला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या, परीक्षेत मारतात तशा. पुढचे सरळ होते. तापलेला शाफ्ट मायक्रोमीटरवर फुगलेला दिसत होता. तो मापात येईपर्यंत काका तो घासत राहत होते, आणि गार झाल्यावर १९ मायक्रॉनची सगळी सूट त्याने जवळपास गिळून टाकलेली असे. सकाळी जॉब आणि मायक्रोमीटर यांच्या तापमानात फारसा फरक नसल्यामुळे तोच माणूस, तेच यंत्र आणि तीच मोजणारी मुलगी बिनचूक काम देत होती.

प्रत्येक जॉब दोन तास गार करून मग मोजावा, ही माझी सूचना व्यवस्थापनाने ऐकूनही घेतली नाही आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. उत्पादन असे थांबत नाही. तोडगा गुणवत्ता प्रमुखांनी काढला. नेमक्या व्यासाची एक पोलादी मास्टर चकती ग्राइंडरच्या कूलंटमध्येच ठेवायची आणि शाफ्टची तुलना तिच्याशी करायची, म्हणजे दोघांना एकच ताप आणि फरक आपोआप वजा. कूलरचे तोंडही दुसरीकडे वळवण्यात आले, आणि त्याबद्दल मोजणाऱ्या मुलांनी माझ्याकडे थोडी नाराजी व्यक्त केली. त्यांना परत पाठवण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. क्षमा मागण्याचा विषयही कोणी काढला नाही; सुपरवायझरांनी जाताना "सर, जेवण करून जा" एवढे मात्र आवर्जून म्हटले.

त्यानंतर मोजमापाचे एक प्रात्यक्षिक मी मुद्दाम मे महिन्यात ठेवू लागलो आहे. एक जॉब गच्चीवर उन्हात आणि एक माठाच्या सावलीत, दोन्ही एकाच मायक्रोमीटरने मोजायचे. त्यासाठी कोणाची मंजुरी मी घेतलेली नाही.

महिनाभराने कारखान्याकडून मूल्यमापनाचे फॉर्म आले. तिला 'अचूकता' या रकान्यात १० पैकी ९ गुण होते. 'सूचनांचे पालन' या रकान्यात ६, आणि शेऱ्याच्या जागी सुपरवायझरांच्या अक्षरात 'प्रश्न जास्त विचारते' असे लिहिलेले होते. उद्योगाने दिलेल्या गुणांत फेरफार करण्याचा अधिकार महाविद्यालयाला नाही. मी फॉर्म तसाच पुढे पाठवला.