देवाचा इशारा ऐकला नाही तर काय होतं? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या मंडळीत मी तरुणांचा बायबल स्टडी घेतो आणि दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "अंकल, देवाने वॉर्निंग दिली आणि आपण नाही ऐकलं तर लगेच शिक्षा होते का?" मागच्या महिन्यात विचारणाऱ्या मुलीच्या पप्पांना अटॅक येऊन गेलेला, आणि भेटायला आलेलं कोणीतरी बोलून गेलं होतं की देव तुम्हाला इशारा देतोय. तिला म्हटलं बेटा, आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय काढ. शिलोहचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का असं येशूने विचारलं आणि स्वतःच सांगितलं, नाही. पण पुढे लगेच समोर उभे होते त्यांना म्हणाला, तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे इशारा आपला आपण ऐकायचा, दुसऱ्याच्या आजारपणावर नेऊन चिकटवायचा नाही. असं बोलणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता तुमचा प्रश्न. मला त्याचं उत्तर यिर्मयाच्या पुस्तकात मिळालं. यिर्मया हा देवाचा संदेष्टा, यहूदा देशाच्या लोकांना जवळजवळ 40 वर्षं सांगत होता की देवाकडे वळा, नाहीतर नाश होईल. यहूदाचा यहोयाकीम राजा थंडीत शेगडीजवळ बसलाय, समोर यिर्मयाच्या संदेशाची गुंडाळी वाचली जातेय आणि तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा तुकडा चाकूने कापून शेगडीत, असं करत अख्खी गुंडाळी जळाली. तिघांनी विनवलं की जाळू नका, ऐकलं नाही. आणि वीज पडली का? नाही, तेव्हा काहीच झालं नाही. फक्त लिहिलंय की ते शब्द ऐकून राजा घाबरला नाही की त्याच्या सेवकांपैकी कोणी घाबरलं नाही. मला वाटतं पहिला परिणाम हाच, माणसाला भीती वाटेनाशी होते, दुसऱ्यांदा जाळणं सोपं जातं. देवाने मात्र यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्याकडून सगळं परत लिहून घेतलं.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो सिद्कीया, यहूदाचा शेवटचा राजा. याला यिर्मयाचं म्हणणं मनातून पटत होतं हो! गुपचूप बोलावून विचारायचा. यरुशलेमला बाबेलचा (बॅबिलोनचा) वेढा पडलेला, शहरात भाकर संपत आलेली, आणि अशा वेळेलाही यिर्मया सांगतो की शरण जा, तू जगशील, तुझं घरदार वाचेल, शहर जळणार नाही. शेवटच्या घटकेपर्यंत दार उघडंच होतं. सिद्कीया काय म्हणाला? जे यहूदी आधीच शरण गेलेत त्यांची भीती वाटते, ते माझी थट्टा करतील. लोक काय म्हणतील, एवढंच! इ.स.पू. 586 च्या सुमारास तट फुटला, राजा रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात पकडला गेला, रिब्ला गावी बाबेलच्या राजाने त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. मंदिर जळालं. त्या मुलांनी काय केलं होतं? हे मी कधी गुळगुळीत करून सांगत नाही, एकाने ऐकलं नाही की भोगतात घरातले सगळे.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतो, तर माझंही तेच झालंय. घराच्या वाटणीवरून मोठ्या भावाशी बोलणं बंद केलं. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा हे वचन त्या काळात उपासनेत, घरच्या प्रार्थनेत, कुठे ना कुठे समोर यायचंच, आणि मला पक्कं कळायचं की हे माझ्यासाठी आहे, पण आधी मी गेलो तर नातेवाईक म्हणतील हा वाकला. 7 वर्षं गेली. शेवटी गेलो, दादाच्या पाया पडलो, त्याने जवळ घेतलं, दोघं रडलो, देवानेही क्षमा केली याबद्दल मला शंका नाही. पण त्या 7 वर्षांत त्याच्या दोन्ही मुली मोठ्या झाल्या. मागच्या नाताळात दोन्ही घरं एकत्र जेवलो, करंज्या आमच्या वहिनींनीच केलेल्या, आणि माझा मुलगा ताटावरून उठून माझ्या कानात विचारतो, पप्पा, यातली मोठी ताई कोणती?