घरच्या सर्व्हरचं कॅबिनेट: मे महिन्यात तापू नये, डिसेंबरात ऐकू येऊ नये

होम सर्व्हरची, म्हणजे घरचे फोटो-बॅकअप ठेवणाऱ्या कायम चालू संगणकाची, खरेदी बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी एखादं गोंडस कॅबिनेट डोळ्यांत भरतं, मग त्यात मावेल असा बोर्ड (मदरबोर्ड), आणि बोर्डवर जेवढे पोर्ट तेवढ्या डिस्क. खरं तर कॅबिनेट सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी डिस्क किती, त्यावरून बोर्ड, मग एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा). या तिघांना जेवढी जागा लागेल तेवढंच कॅबिनेट घ्यायचं.

पुण्यात त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक मे महिन्यातल्या दुपारी तीनची, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खोलीचंच तापमान ३६ अंशांवर गेलेलं असतं तेव्हा. दुसरी डिसेंबरातल्या रात्री दोनची, जेव्हा छताचा पंखा बंद असतो आणि बारीकशी गुणगुणसुद्धा बेडरूमपर्यंत पोचते. नशिबाने या दोन्ही परीक्षा एका दिवशी नसतात. मे महिन्यात सर्व्हरचे फॅन जरा जोरात फिरले तरी छताच्या पंख्याखाली कोणाला कळत नाही. डिसेंबरात हवाच गार असते, फॅन रेंगाळत फिरले तरी भागतं. त्यामुळे वर्षभर एकाच वेगावर शांत राहणारं कॅबिनेट शोधत बसू नका. ज्याचे फॅन मंद ठेवता येतात आणि गरज पडल्यावर वाढवता येतात, ते घ्या.

डिस्क किती? घरचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, मोबाइलचे बॅकअप आणि थोडे सिनेमे एवढंच असेल तर ८ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून (दोन्हींवर तीच माहिती ठेवून) पुरतात. सिनेमांचा शौक असेल तर चार. सहा-आठ खणांचं कॅबिनेट घेतलं की खण भरायचा मोह होतो, आणि प्रत्येक जादा डिस्क नुसती फिरत असली तरी ४ ते ६ वॅट खाते, तेवढी उष्णता सोडते आणि गुणगुण वाढवते.

ही गुणगुण कुठून येते ते समजून घ्यावं, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ५४०० आरपीएमची डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, ७२०० ची १२०. ही थरथर स्क्रूमधून पत्र्यात उतरते, पत्र्यातून खालच्या फळीत, आणि पोकळ प्लायचं टीव्ही युनिट तबल्यासारखं घुमायला लागतं. दोन डिस्कच्या वेगात अर्ध्या फेऱ्याचा जरी फरक असला तरी आवाज दर दोन सेकंदांनी चढतो-उतरतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, या चढउताराची होत नाही. कॅबिनेटच्या आतून चिकटवलेला फोम इथे फारसा कामाचा नाही. तो फॅनची आणि डिस्कच्या आतल्या हेडच्या हालचालीची तीक्ष्ण खरखर थोडी कमी करतो. ९० आणि १२० हर्ट्झचा घुमारा त्याला दाद देत नाही.

त्यावर उपाय रबराचा. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) असलेलं कॅबिनेट बघा. त्याचे स्क्रू लांब आणि पायरीचे असतात. पायरी टेकली की थांबायचं. ‘आणखी थोडं घट्ट’ म्हणून पिळलं की रबर चेपतं आणि थरथर सरळ पत्र्यात जाते. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ आट्यांचे स्क्रू लागतात. एसएसडीचे एम३ स्क्रू त्या भोकात जातात, पण सैल बसतात आणि मग खुळखुळतात. आणखी एक गोष्ट: मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कना खालच्या बाजूची मधली भोकं नसतात. कॅबिनेटमधलं डिस्क बसवायचं ब्रॅकेट जुन्या मापाचं असेल तर चारपैकी दोनच स्क्रू बसतात. ऑर्डर करण्याआधी दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघा.

कॅबिनेटखाली पुण्याच्या बोहरी आळीत मिळणाऱ्या जाड रबरी चकत्या ठेवा, आणि जमलं तर ते कडाप्प्याच्या कट्ट्यावर ठेवा. दगड घुमत नाही. लोखंडी कपाटावर मात्र कधीच ठेवू नका.

मोठ्या क्षमतेच्या काही वेस्टर्न डिजिटल डिस्क काही काम नसतानाही साधारण दर पाच सेकंदांनी ‘खट्’ करतात. तो बिघाड नाही, डिस्कची रचनाच तशी असते. पण झोपायच्या खोलीत सर्व्हर ठेवणार असाल तर अशी डिस्क घेऊ नका; कुठलंही कॅबिनेट तो आवाज पूर्ण गिळत नाही.

आता मापं. मिनी-आयटीएक्स हा छोट्या मापाचा बोर्ड १७० मिमी चौरस असतो. साडेतीन इंची डिस्क १४७ बाय १०१.६ मिमी आणि २६.१ मिमी जाड. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ हे २५० × २१० × ३७४ मिमी, म्हणजे साडेएकोणीस लिटरच्या आसपास, आणि सहा डिस्क घेतं. जॉन्सबो एन३ साधारण १८ लिटरमध्ये आठ डिस्क घेतं. आकड्यांवरून एन३ सरस वाटतं. पण नोडमध्ये नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस बसतो, एन३ ला छोटा एसएफएक्स लागतो. एसएफएक्स महाग, त्यात निवड कमी, आणि त्याचा फॅन लहान असल्यामुळे तेवढीच हवा ढकलायला तो जास्त वेगाने फिरतो. एन३ मध्ये डिस्कच्या मागचे फॅन १०० मिमीचे आहेत. हे माप बाजारात सहज मिळत नाही, त्यामुळे बेअरिंग घासायला लागलं की इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत चकरा मारून उपयोग नाही. नोडमध्ये पुढे ९२ मिमीचे दोन आणि मागे १४० मिमीचा एक फॅन असतो. दोन्ही मापं मिळतात.

एन३ ची जमेची बाजू हॉट-स्वॅपची, म्हणजे सर्व्हर चालू असतानाच डिस्क बदलता येण्याची: दार उघडा, डिस्क ओढा. पण घरात डिस्क बदलायची वेळ काही वर्षांतून एकदा येते. त्या अर्ध्या तासाच्या सोयीसाठी बॅकप्लेनची (डिस्क जिच्यात खुपसतात ती) पाटी कायम हवेच्या वाटेत आडवी उभी राहते. ऑफिसमध्ये हॉट-स्वॅप हवाच. घरी मी तरी नोडसारखं साधं, स्क्रूवालं कॅबिनेट घेईन.

जागा मोजताना ती पुढून मागे किती खोल आहे ते नीट मोजा. नोडच्या ३७४ मिमीच्या मागे पॉवर केबलचा प्लग आणि हवेसाठी ६-७ सेंमी लागतात, म्हणजे जवळपास ४५ सेंमी झाले. टीव्ही युनिटची फळी अनेकदा ४० चीच असते. दार असलेल्या खणात सर्व्हर ठेवायचा असेल तर मागची फळी कापून घ्या, नाहीतर तो आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत बसतो.

फॅनचं गणित सोपं आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दुसरा तसाच फॅन जोडला की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे पूर्ण वेगातल्या एका फॅनऐवजी निम्म्या वेगातले दोन लावले तर जवळपास तेवढीच हवा १२ डेसिबल कमी आवाजात मिळते. म्हणून मोठे, पूर्ण २५ मिमी जाडीचे, चार पिनांचे पीडब्ल्यूएम (बोर्डकडून वेग कमी-जास्त करता येणारे) फॅन बसतील असंच कॅबिनेट घ्या. १५ मिमीचे चपटे फॅन जाळीसमोर धापा टाकतात.

मात्र बोर्ड सहसा फॅनचा वेग ठरवतो प्रोसेसरच्या तापमानावरून. इंटेलच्या एन१०० सारखा ६ वॅटचा प्रोसेसर मे महिन्यातही निवांत असतो, त्यामुळे फॅन झोपा काढतात आणि मधल्या डिस्क भाजून निघतात. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) कॅबिनेट फॅनला किमान ६०० ते ७०० आरपीएमची तळरेषा द्या. लिनक्स असेल तर डिस्कचं तापमान वाचून फॅन चालवणारी छोटी स्क्रिप्ट टाका. मे आणि डिसेंबर दोन्ही तीच सांभाळते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंशांची असते, पण ४५ च्या आत ठेवलेलं बरं. खोली ३६ वर असताना हातात फक्त नऊ अंश उरतात. समोरून बंद दार आणि बारीक फटी असलेली ‘सायलेंट’ कॅबिनेटं थंड देशांत शोभतात. आपल्याकडे ती इथेच नापास होतात.

वाकड-बाणेरकडे शेजारी बांधकाम चालू असेल तर समोरची जाळी काढता येते का हे आधी बघा. पुढचे फॅन मागच्यापेक्षा किंचित जोरात ठेवले की हवा जाळीतूनच आत येते, फटींतून धूळ खेचली जात नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून ठेवू नका. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या वाळव्या दिव्यांकडे येतात आणि पालींना उबदार जागा आवडते; पाल एसएमपीएसच्या आसपास शिरली तर पुढचं सांगायला नको.

एसएमपीएस ३०० वॅटचा भरपूर होतो. सुरू होताना प्रत्येक डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते; सहा डिस्कचे १४४ वॅट, तेही काही सेकंदच. नोडसाठी १४० मिमी लांबीचा घ्या. १६० मिमीचा बसतो, पण मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबल वळवायला जागा उरत नाही. डिस्कना वीज देणारे साटा पॉवरचे कनेक्टर कमी पडले म्हणून प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्त मोलेक्स-टू-साटा (जुन्या मोलेक्स प्लगवरून साटा करणारा) अडॅप्टर लावू नका. त्यात आतल्या तारा एकमेकींना टेकून तो वितळल्याची उदाहरणं आहेत. आणि घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यावर एसएमपीएसच गुणगुणतो. साइन वेव्हचा हवा.

बोर्डवर चार-सहा साटा पोर्ट असतील तर वेगळं कार्ड नको. मिनी-आयटीएक्सवर स्लॉट एकच. पोर्ट कमीच पडले तर एएसएम११६६ चिपचं कार्ड बघा. जुनी सर्व्हरमधली एचबीए (जास्त डिस्क जोडायची) कार्डं स्वस्तात मिळतात, पण ती रॅकमधल्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी बनवलेली असतात. मंद फॅनच्या कॅबिनेटमध्ये त्यांच्या हीटसिंकवर बोट टेकवत नाही.

सगळं जोडून झालं की सर्व डिस्कवर स्मार्टची (डिस्कने स्वतःलाच तपासायची) लांब टेस्ट लावा. ८ टीबीला बारा तास सहज लागतात, तेव्हा सकाळी सुरू करा म्हणजे दुपारची गरमी त्यात येईल. १९४ नंबरच्या ओळीत तापमान दिसतं. मधल्या डिस्कचं बघा, कडेच्या नेहमीच गार असतात. १९९ नंबरचा आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला. छोट्या कॅबिनेटात झाकणाने केबल दाबली जाणं नेहमीचं आहे. तापमान ४५ च्या वर गेलं तर फॅन शंभर-शंभर आरपीएमने वाढवा. तरीही उतरलं नाही, तर हवा डिस्कमधून न जाता बाजूच्या मोकळ्या जागेतून पळते आहे. जाड पुठ्ठ्याची पट्टी मापाने कापून ती जागा बंद करा आणि टेस्ट पुन्हा लावा.